जामखेडची उचल

नगरहून जामखेडला निघाले की एक गंमत होते. गाडी सुटते नगर जिल्ह्यात, पोचायचे असते नगर जिल्ह्यातच. पण वाटेत कडा येते, आष्टी येते आणि दुकानांच्या पाट्यांवर ‘जि. बीड’ अशी अक्षरे दिसू लागतात. नवखा उतारू घाबरून कंडक्टरला विचारतो, “अहो, भलत्याच गाडीत तर बसलो नाही ना?” कंडक्टर शांतपणे सांगतो, “बसा. जामखेड आलं की आपला जिल्हा परत येतो.” जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, आष्टीपर्यंत २०२२ साली आगगाडी आली, पुढे २०२५ साली ती बीडलाही पोचली; पण जामखेड आहे तिथेच आहे, मोटारींच्या भरवशावर. एका बाजूला पाटोदा, दुसरीकडे करमाळा, खर्ड्याच्या अंगाला भूम. चार जिल्ह्यांच्या शिवा जिथे एकमेकींना टेकतात, त्या कोपऱ्यात हा तालुका अंग चोरून बसला आहे.

पाहण्यासारखे इथे काय आहे, असे कुणी विचारले तर लोक लगेच बोटे मोजतात. विंचरणेच्या काठचा नागेश्वर, बीडच्या वाटेवरचा सौताड्याचा धबधबा, खर्ड्याचा किल्ला, आणि सीनेकाठची चौंडी. अहिल्याबाई होळकरांचा जन्म चौंडीचा, १७२५ सालचा. त्याला तीनशे वर्षे झाली म्हणून ६ मे २०२५ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठकच तिथे भरली होती. हे सारे मी यथासांग पाहिले. पण खरे सांगायचे तर मी गेलो होतो मुकादम पाहायला.

साखर कारखान्याचा मुकादम हा प्राणी कारखान्यावर दिसतो तसा नसतो. कारखान्यावर तो कामगारांचा म्होरक्या असतो. त्याला त्याच्या खऱ्या रूपात पाहायचे असेल तर पावसाळ्यात, पेरणीपासून पोळ्यापर्यंतच्या दिवसांत, जामखेड, पाथर्डी, आष्टी, पाटोदा या भागात जावे. तेव्हा तो माणसे जमवायला निघालेला असतो.

मला तो खर्डा चौकातल्या एका हॉटेलात भेटला. भेटला म्हणजे एका ओळखीच्या शिक्षकांनी गाठ घालून दिली. पन्नाशीचा गृहस्थ, पांढरा शर्ट, कपाळाला बुक्का, बगलेत रेक्झिनची पिशवी, खिशात दोन मोबाइल. माझी कल्पना होती की कोणी मिशीवाला दांडगेश्वर समोर येईल. हा तर एखाद्या भजनी मंडळातला टाळकरी वाटत होता, आणि तो तसा होताही. चहा सांगितला तेव्हा म्हणाला, “बिनसाखरेचा सांगा. डायबेटीस हाय.” साखरेवर जन्म काढलेल्या माणसाने असे म्हणावे याचे मला हसू आले; त्यालाही आले.

तो स्वतः पंचवीस वर्षांपूर्वी कोयता घेऊन फडात गेला होता. मग चार जोड्यांची टोळी केली, मग दहांची, आता वीस कोयत्यांची आहे. कोयता म्हणजे हत्यार नव्हे बरे का. या भागात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी किंवा एकटी बाई असेल तर तो अर्धा कोयता. भाषेने माणसांची ही जी वजाबाकी केली आहे, ती ऐकताना पहिल्यांदा अंगावर येते. तासाभराने आपणही तेच शब्द वापरू लागतो.

या धंद्याचे यंत्र असे चालते: कारखाना पैसे देतो ऊसवाहतुकीचा करार करणाऱ्या ट्रॅक्टरमालकाला किंवा थेट मुकादमाला. मुकादम ते गावोगाव वाटतो. त्या आगाऊ रकमेला म्हणतात उचल. पूर्वी ती शे-पाचशेत असे, आता एका कोयत्याला लाखाच्या आसपास गेली आहे. उचल घेतली की स्टँपपेपरवर सही किंवा अंगठा, आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळी निघते ती पुढच्या शिमग्यानंतर परत येते. कुणी बारामतीकडे, कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी कर्नाटकात. महाराष्ट्रात असे आठ-दहा लाख लोक दर साली घर सोडतात असा अंदाज सांगतात. इतका मोठा घरबदल, आणि त्याला दवंडी नाही, जाहिरात नाही, नोकरीचा अर्ज नाही. एक माणूस मोटारसायकलवर येतो आणि ओसरीवर बसून पाणी मागतो.

“पावसाळ्यातच का जाता? निघायचं तर दिवाळीत असतं,” मी विचारले.

“आता नड असती, साहेब,” तो म्हणाला. “बी-बियाणं, पोरांची फी, दवाखाना. दिवाळीला गेलो तर तोवर दुसरा मुकादम येऊन गेलेला असतो.”

दुसऱ्या दिवशी त्याच्याच मोटारसायकलवर मागे बसून मी बालाघाटाच्या उतारावरच्या एका वस्तीवर गेलो. श्रावण होता. डोंगर असा हिरवागार की शहरातल्या माणसाने फोटो काढीत सुटावे. जामखेडच्या बाजारात उडदाला मान आहे. तो उडीद शेताशेतांतून डोलत होता. हा हिरवा रंग मात्र चार महिन्यांचा. खाली मुरूम आहे, पाणी ठरत नाही. उडीद-मूग निघाला, तूर-ज्वारी राहिली की घरातल्या दोन धडधाकट माणसांना करायला काम उरत नाही. १९७२ च्या दुष्काळात या भागाने खडी फोडली. त्यातूनच रोजगार हमी योजना आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. पण हमीचा पैसा आठवड्याने, पंधरवड्याने, कधी त्याहून उशिरा हाती येणार. उचल आज, रोख, ओसरीवर मिळते. या दोहोंत माणूस काय निवडणार?

वस्तीवर एका घरापुढे आम्ही थांबलो. नवरा-बायको, एक दोन वर्षांचे पोर, पंधरा वर्षांची मुलगी आणि म्हातारी आई. दोन एकर कोरडवाहू. घोंगडी अंथरली, पाणी आले. मग बराच वेळ पावसावर आणि एका बैलाच्या आजारावर बोलणे झाले. पैशाचा विषय कुणी काढीना. सोयरिकीच्या बैठकीला असते तशी ती शांतता होती.

शेवटी मुकादमाने पिशवीतून वही काढली. “मागची बाकी सत्तावीस हजार हाय,” तो हळूच म्हणाला. “लाखाची उचल धरली तर सत्तावीस वळते करून हातात त्र्याहत्तर.”

घरधन्याने मान हलवली. त्याला पत्रे घालायचे होते आणि आईच्या डोळ्याचे ऑपरेशन करायचे होते.

“का असं करता,” मुकादम म्हणाला, “पोरीला बरोबर घ्या. लेकराला सांभाळील, जमंल तेवढ्या मोळ्या बांधील. अर्धा कोयता धरतो. वर आणखी तीस देतो.”

इतका वेळ भिंतीला टेकून बसलेली म्हातारी एकदम बोलली, “ती दहावीला हाय.”

“माहीत हाय की, आजी. पण—”

“दहावीला हाय,” म्हातारी पुन्हा म्हणाली. मुलगी दाराच्या आत उभी होती. तिची सावली तेवढी दिसत होती. बापाने जमिनीकडे पाहिले. आईने पोराच्या नाकाला पदर लावला. मुकादमाने वही मिटली. “विचार करा. मी परवा येतो.”

परतताना तो बराच वेळ गप्प होता. मग गाडीचा वेग कमी करून म्हणाला, “मला वाईट समजू नका. कोयता पळाला तर कारखाना मलाच धरतो. गेल्या साली दोन जोड्या उचल घेऊन दुसरीकडं गेल्या. चौदा गुंठे विकले मी.” तो खोटे बोलत असेल असे मला वाटले नाही. फसलेले मुकादम आणि मुकादमांनी फसवलेले ट्रॅक्टरमालक, दोन्ही प्रकारचे खटले या व्यवहारात भरपूर आहेत. प्रत्येकाने दुसऱ्याला आगाऊ पैसे दिलेले, आणि प्रत्येकाला तो पळेल ही धास्ती.

खर्ड्याचा किल्ला मी त्या संध्याकाळी पाहिला. ११ मार्च १७९५ रोजी इथे निजामाचा पाडाव झाला. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन असे सारे मराठे सरदार एका झेंड्याखाली लढले ती अखेरची मोठी लढाई. तटावर उभा असताना मला नालबंदी आठवली. त्या काळी मोहिमेवर निघायच्या आधी शिलेदारांना घोड्यांच्या नालांच्या नावाने आगाऊ रक्कम देत. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचे, मुलूखगिरी करायची आणि पाऊस पडायच्या आत घरी परतायचे. पंचांग तेच, आगाऊ पैसाही तोच. फक्त शिलेदाराला लुटीत वाटा असे, आणि इथे ऊस तोडणाऱ्याला उसाची वाढे तेवढी विकायला मिळतात. ही तुलना फार ताणू नये हे मला कळते. पण तटावर वारा छान होता आणि डोक्यात ती आली खरी.

ऊस इथे पिकत नाही म्हणून माणसे जातात, असेही आता म्हणता येत नाही. तालुक्यातच हाळगावला साखर कारखाना आहे. मग इथली माणसे दोनशे-तीनशे किलोमीटरवर का जातात? याचे उत्तर उसाच्या स्वभावात आहे. तोडलेला ऊस दिवसभरात गव्हाणीत पडला पाहिजे. वाळला की वजन घटते, साखर उतरते. कारखाना रात्रंदिवस चालतो, म्हणून फडही रात्रंदिवस चालला पाहिजे. गावातला मजूर संध्याकाळी घरी जातो, सणाला सुटी घेतो, दर पटला नाही तर उद्या येत नाही. परमुलखातला मजूर फडाच्या कडेला कोपी घालून राहतो, रात्री दोनला गाडी आली तर दोनला उठून मोळ्या वाहतो. जाणार कुठे? गाव लांब, उचल अंगावर. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला; १९५० च्या अखेरीस लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या सहकारी कारखान्याचे चाक फिरले, आणि मग महाराष्ट्रभर कारखाने झाले. जिल्ह्याच्या उत्तरेने पाणी मिळवले; दक्षिणेने आणि शेजारच्या बीडने माणसे पुरवली.

लांबच्या कामावर माणसे न्यायची रीत जगात सगळीकडे आहे, आणि खाणीवाल्यांनी तर तिचे शास्त्रच केले. मलायाच्या रबराच्या मळ्यांवर तमिळ मजूर नेणारा कंगाणी हा आपल्या मुकादमाचा सख्खा भाऊ. ट्रान्सवालच्या सोन्याच्या खाणींना मोझांबिकमधून माणसे पुरवणारे दलाल होते. तिथे मजुरीचा काही भाग राखून ठेवीत आणि मजूर घरी परतल्यावरच देत. आमच्याकडे उलट, मजुरी निघायच्या आधीच देऊन टाकतात. एकीकडे पैसे अडकवून माणूस धरला, दुसरीकडे पैसे देऊन. आज पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थ शहरातून कामगार विमानाने पिलबाराच्या लोखंडाच्या खाणींवर जातात. दोन आठवडे काम, मग एक आठवडा घरी, असल्या त्यांच्या पाळ्या. त्यांच्याही बायका-मुलांचे हाल होतात असे तिकडचे लोक लिहितात, आणि ते खरेच असणार. पण विमानात बसणाऱ्या त्या कामगाराला त्याच्या बायकोशिवाय अर्धा माणूस म्हणत नाहीत.

मी वहीत हिशेब मांडून पाहिला. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या मजुरीत ३४ टक्के वाढ झाली, टनाचा दर २७३ रुपयांवरून ३६६ झाला. मुकादमाचे कमिशन १९ चे २० टक्के झाले. ते वेगळे मिळते. एक चांगला कोयता दिवसाला दोन टन तोडतो असे धरू. म्हणजे ७३२ रुपये, दोघांचे मिळून, पहाटेपासून. एक लाखाची उचल फिटायला २७३ टन ऊस पाडला पाहिजे, म्हणजे जवळजवळ १३७ दिवस, एकही दिवस न चुकता. आणि कारखान्यांचा हंगाम तर आखडत चालला आहे. २०२४-२५ चा हंगाम अनेक ठिकाणी शंभर दिवसांच्या आतच आटोपला. शंभर दिवस भरले असे मानले तरी ७३,२०० रुपये होतात. उरले २६,८००. वस्तीवरच्या त्या घराची सत्तावीस हजारांची बाकी कुठून आली, हे मला तेव्हा कळले. त्यात उधळपट्टी नव्हती, आळस नव्हता; पट्टा लवकर पडला होता, इतकेच. १९७६ साली वेठबिगारी मोडण्याचा कायदा झाला, त्यात कर्जापोटी राबवून घेणे हा गुन्हा ठरला. पण ओसरीवर बसून पाणी मागणाऱ्या माणसाला तो कायदा कुठे लावायचा?

या हिशेबात एक शब्द राहिला, खाडा. एक दिवस काम चुकले की मजुरी तर जातेच, वर पाचशे-हजार दंड पडतो. ताप आला तरी खाडा, पोर आजारी तरी खाडा. बाईची पाळी म्हणजेही खाडाच. शेजारच्या बीड जिल्ह्यात याचा शेवट काय झाला ते २०१९ साली बाहेर आले. सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. या आकड्यावर मी काही लिहीत नाही.

आणि हे सारे जामखेडच्या उशाशी! ज्या जामखेडचे नाव आरोग्याच्या कामासाठी जगभर घेतात, तेच हे गाव. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे या दांपत्याने १९७० साली इथे काम सुरू केले. गावातल्याच, बहुतेक अक्षरओळख नसलेल्या बायकांना त्यांनी बाळंतपण, लसी, पाणी, पोषण यांचे शिक्षण दिले. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज दोघेही नाहीत, पण त्या बायकांनी शिकवलेले वस्त्यांवरून ऐकू येते. माझ्या त्या म्हातारीचेच पाहा. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ती सुनेला माझ्यादेखत बजावत होती, “तिकडं पोट दुखलं तर गोळी घे, घरी ये, पर पिशवी काढायची न्हाई. कुणी काहीबी सांगू दे.” हे तिला कोणी सांगितले, असे विचारले तर म्हणाली, “पल्याडच्या गावातली बाई सांगती. नातीचं बाळंतपण तिनंच केलं हुतं, ही जन्मली तवा.”

दुसऱ्यांदा मी गेलो तो दसऱ्यानंतर. कारखान्यांचे बॉयलर पेटल्याची चित्रे वर्तमानपत्रांत येत होती. वस्तीच्या खाली, रस्त्याला ट्रॅक्टर उभा होता, मागे दोन ट्रॉल्या. ज्वारीची पोती, पत्र्याच्या पेट्या, ताडपत्र्या, कळक, हंडे, एक शेळी, टोपलीखाली चार कोंबड्या, आणि मोबाइल चार्ज करायला सौरदिवा. पुढचे पाच महिन्यांचे घर त्यात रचून ठेवलेले. शहरात बदली झालेला कारकूनही सामान बांधताना वैतागतो. इथे कुणी वैतागलेले नव्हते. हात सवयीने चालत होते. मुकादम यादी घेऊन एकेक कोयता मोजीत होता. मला पाहून त्याने हात जोडले.

माझे डोळे त्या मुलीला शोधत होते. ट्रॉलीत चार-पाच मुली दिसल्या, तिच्याच वयाच्या. एकीच्या गळ्यात नवे मंगळसूत्र होते. ती हसत होती. पुरा कोयता व्हावा म्हणून लग्ने लवकर उरकतात हे मी ऐकले होते. ते असे समोर दिसेल असे वाटले नव्हते. मी नजर दुसरीकडे वळवली.

ती मात्र खाली उभी होती, आजीच्या शेजारी. राहणार होती. तीस हजार गेले होते. पत्रे या साली व्हायचे नव्हते, डोळ्याचे ऑपरेशन पुढे ढकलले होते. “एका डोळ्यानं भाकरी करता येती,” म्हातारी म्हणाली. तालुक्यातालुक्याला ऊसतोडीच्या मुलांसाठी वसतिगृहे काढायची योजना २०२१ साली निघाली, संत भगवानबाबांच्या नावाने; पण मुलीला वसतिगृहात ठेवले तर म्हातारी एकटी पडते, आणि म्हातारीला एकटी ठेवले तर रात्री-अपरात्री कोण? तेव्हा दोघी एकमेकींना सांभाळणार, असा निकाल झाला होता. दोन वर्षांचा भाऊ आईबरोबर निघाला होता. आई-बाप फडात असताना तो कुठे असेल, हा प्रश्न मी विचारला नाही. बांधावर, वाढ्यांच्या सावलीला, कुणा दुसऱ्या पोराच्या जिवावर; सगळ्यांना ते ठाऊक होते.

मुलीने बापाच्या हातात एक वही दिली. शंभर पानी, आडव्या-उभ्या रेघा मारलेली. तारीख, टन, पावती नंबर, खाडा असे रकाने. बापाला वाचता येत नाही. आईला आकडे येतात. म्हणून पहिल्या पानावर मुलीने तीनशे सहासष्टचा पाढा मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला होता. तीनशे सहासष्ट, सातशे बत्तीस, एक हजार अठ्ठ्याण्णव, असा वीसपर्यंत. मुकादमाने ती वही हातात घेऊन पाहिली. वाटले, आता काही बोलेल. त्याने पाने चाळली, एक आकडा बोटाने तपासला आणि वही परत दिली. “बरोबर हाय,” म्हणाला.

ट्रॅक्टर सुरू झाला. बायका घराकडे हात जोडू लागल्या. कुणी मोठ्याने नागेश्वराचे नाव घेतले. ट्रॉली हलली तेव्हा इतका वेळ गप्प उभी असलेली मुलगी दहा-वीस पावले मागून धावली.

“आई,” ती ओरडत होती, “काट्यावरची पावती घे! दर खेपंला पावती घे!”

आईने वही वर करून दाखवली. कडेवरचे पोर त्या वहीकडे हात पसरून रडू लागले.